आवडतं एफएम स्टेशन अचानक बदलतं, तेव्हा पडद्यामागे काय घडतं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्राय, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारण क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, डिजिटल रेडिओबद्दलच्या शिफारशी केंद्र सरकारकडे पाठवल्या. पहिल्या फेरीसाठी सुचवलेल्या १३ शहरांत पुणे आहे. तेव्हापासून घरातला रेडिओ निकामी होणार का, गाडीतला सेट बदलावा लागणार का, असे प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं शेवटी येतीलच, पण ती कळायला आधी एक जुनं कोडं सोडवावं लागतं. रेडिओवरचा आकडा तोच राहतो, आणि एका सोमवारी त्या आकड्यावरची गाणी, आवाज, घोषवाक्य सगळंच वेगळं असतं. काल नव्या गाण्यांचं असलेलं स्टेशन आज थेट सत्तरच्या दशकात जाऊन बसलेलं असतं.

मालकाला लहर आली, असं श्रोत्याला वाटतं. प्रत्यक्षात अशा बदलात लहरीचा वाटा फार थोडा असतो. परवान्याच्या अटी, जाहिरातीचा हिशेब आणि टॉवरवरच्या लोखंडाच्या मर्यादा यांतून स्टेशनचा चेहरा ठरतो.

## तीन शब्द समजले की निम्मं काम झालं

फ्रिक्वेन्सी म्हणजे रेडिओवर दिसणारा आकडा. ९८.३ याचा अर्थ सेकंदाला ९ कोटी ८३ लाख कंपनं असलेली लहर. भारतात एफएमसाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा वापरतात. परवाना म्हणजे ठरावीक शहरात, ठरावीक फ्रिक्वेन्सीवर, ठरावीक वर्षं प्रसारण करण्याची सरकारी परवानगी. फॉरमॅट म्हणजे स्टेशनवर काय वाजणार, कोण कोणत्या भाषेत बोलणार आणि हे सगळं कोणत्या श्रोत्यासाठी, याची ठरलेली चौकट.

फ्रिक्वेन्सी हा लिलावात मुदतीच्या भाड्याने घेतलेला गाळा समजा, आणि फॉरमॅट हा त्या गाळ्यात चालणारा धंदा. खानावळ चालली नाही तर तिथे डोशाचं हॉटेल निघतं. गाळ्याचा पत्ता बदलत नाही आणि भाडंही थांबत नाही. भाडं थांबत नाही, ही गोष्ट पुढे पुन्हापुन्हा लागणार आहे.

## सुरुवात आकाशवाणीची

पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाली. ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींवर चालणाऱ्या या केंद्राचा बाज वेळापत्रकाचा होता: शेतकऱ्यांसाठी वेगळा वेळ, स्त्रियांसाठी वेगळा, मग नाट्य, शास्त्रीय गायन, बातम्या. ‘गीतरामायण’ याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, आठवड्याला एक नवं गीत या क्रमाने प्रसारित झालं. एकूण ५६ गीतं. ठरलेल्या वेळी रेडिओशी येऊन बसायचं, असा तो काळ होता. आजच्या एफएमची गृहीतं याच्या अगदी उलटी आहेत: श्रोता मध्येच येणार, वीसेक मिनिटं ऐकणार आणि निघून जाणार.

विविध भारती १९५७ ची. तिच्यावर जाहिराती घेण्याचा प्रयोग नोव्हेंबर १९६७ मध्ये झाला तो मुंबई, नागपूर आणि पुण्यात. म्हणजे रेडिओवरच्या जाहिरातीशी पुणेकरांची ओळख देशात सगळ्यात जुन्यांपैकी. आज पुण्याची विविध भारती एफएमवर १०१ ला लागते.

## खासगी एफएमचे तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याने घातलेली वळणं

सरकारने खासगी कंपन्यांना एफएमचे परवाने तीन टप्प्यांत दिले. फॉरमॅट का बदलले, याचा मोठा भाग या टप्प्यांच्या अटींत दडलेला आहे.

पहिला टप्पा २००० मधल्या खुल्या लिलावाचा. ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी पुकारल्या गेल्या. वार्षिक शुल्काची बोली लागायची आणि ते शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं, मग कमाई वाढो वा न वाढो. १५ टक्के ऐकायला कमी वाटतात, पण पाच वर्षांत ते दुप्पट होतं. परिणाम असा, की १०८ पैकी अवघी २१ स्टेशनं १२ शहरांत प्रत्यक्ष सुरू राहिली. पुण्याची रेडिओ मिर्ची ९८.३ ही या पहिल्या टप्प्यातली. इतकं भाडं काढायचं तर सगळ्यात मोठा श्रोतृवर्ग गोळा करावा लागतो, आणि तो त्या वेळी मिळत होता नव्या हिंदी चित्रपटगीतांवर.

दुसरा टप्पा २००५ चा. ९१ शहरांतल्या ३३८ फ्रिक्वेन्सी निविदेने देऊ केल्या. वाढत्या शुल्काऐवजी एकदाच प्रवेश शुल्क आणि पुढे दर वर्षी ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के, अशी सवलत आली. स्टेशनं टिकू लागली. पुण्यात ९१.१ वर रेडिओ सिटी, ९३.५ वर रेड एफएम, ९४.३ वर रेडिओ वन, ९५ वर बिग एफएम ही नावं लोकांच्या तोंडी बसली. पण एक अट अशी होती, की एका शहरात एका कंपनीला एकच स्टेशन. हातात एकच गाळा असेल तर कुणीही त्यात सर्वांत जास्त खपणारा माल ठेवणार. चार कंपन्यांनी तेच केलं.

तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ मध्ये ठरलं आणि लिलाव २०१५ मध्ये सुरू झाले. परवाना १० ऐवजी १५ वर्षांचा झाला. एका शहरात निदान तीन वेगवेगळे चालक असतील तर एका कंपनीला तिथल्या ४० टक्क्यांपर्यंत फ्रिक्वेन्सी घेता येऊ लागल्या. दुसरं स्टेशन हाती आलं की कंपनी स्वतःशीच स्पर्धा करत नाही. एकावर नवी गाणी ठेवते, दुसरं प्रेमगीतांना किंवा जुन्या गाण्यांना देते. फॉरमॅटमध्ये खरी विविधता येण्याची पहिली संधी या एका कलमामुळे मिळाली.

त्याच टप्प्यात दुसरं एक कलम आलं, ते मला पुण्यासाठी घातक वाटतं. कंपनीला आपलाच कार्यक्रम देशभरातल्या आपल्या कोणत्याही स्टेशनवर एकाच वेळी लावायची मुभा मिळाली. याला नेटवर्किंग म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात ही मुभा छोट्या शहरांपुरती होती. आता रात्रीचा कार्यक्रम मुंबईत बनवून पुण्यात वाजवला तरी नियमात बसतं. सिंहगड रोडला पाणी तुंबलं असताना निवेदक वांद्र्याच्या पावसाबद्दल बोलतोय असं ऐकलंत, तर त्यामागे हे कलम आहे. खर्च वाचतो हे खरं, पण स्थानिक स्टेशनचं स्थानिकपण सगळ्यात आधी तिथे जातं.

## भाडं नेमकं किती लागतं?

तिसऱ्या टप्प्याच्या अटींत वार्षिक शुल्क असं होतं: उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या एकरकमी प्रवेश शुल्काच्या २.५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. दुसरी रक्कम स्थिर असते. वर्ष वाईट गेलं तरी तिच्या खाली जाता येत नाही. ट्रायने २०२३ मध्ये ही सांगड तोडण्याची शिफारस केली, ती योग्यच होती.

जुन्या स्टेशनांनी २०१५ मध्ये शुल्क भरून तिसऱ्या टप्प्यात उडी घेतली. तिथून १५ वर्षं म्हणजे साधारण २०३०. येत्या काही वर्षांत पुण्याच्या रेडिओवर जे फेरबदल होतील, ते या तारखेकडे बघत होतील. मुदत संपायला चार-पाच वर्षं उरली असताना कुणी नव्या फॉरमॅटवर मोठा खर्च करायला धजत नाही.

## सगळीकडे तीच ती गाणी का?

एक कारण वर आलंच. दुसरं कारण मोजमापाचं आहे. रेडिओ कोण किती ऐकतं, हे नियमित मोजणारी ‘रॅम’ नावाची पद्धत मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता या चारच शहरांपुरती होती. पुणे त्यात नव्हतं. आठवड्यागणिक आकडे नसलेल्या शहरात प्रयोग करणं अवघड जातं. नवीन काही लावलं आणि ते आवडलं, तरी जाहिरातदाराला दाखवायला कागद नसतो. मग मुंबईत चाललेली प्लेलिस्ट पुण्यात आणणं सुरक्षित वाटतं.

तिसरं कारण एका तासाच्या रचनेत आहे. हा भाग सहसा बाहेर सांगितला जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

## एक तास कसा बांधतात

स्टेशनवर प्रत्येक तासाचा आराखडा असतो. त्याला ‘क्लॉक’ म्हणतात. सर्वसाधारण दुपारचा तास धरा: चार मिनिटांची दहा गाणी म्हणजे ४० मिनिटं, जाहिराती १२ मिनिटं, आरजेचं बोलणं पाच-सहा मिनिटं, उरलेल्या वेळात जिंगल, प्रोमो आणि स्टेशनचं नाव. जाहिरातीचा वेळ १० सेकंदांच्या तुकड्यांत विकला जातो. १२ मिनिटं म्हणजे असे ७२ तुकडे. सरकारी जाहिरातींसाठी या १० सेकंदांचा मूळ दर ऑक्टोबर २०२३ मध्ये ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. त्यावर शहराच्या लोकसंख्येनुसार आणि श्रोत्यांनुसार भर पडते. खासगी जाहिरातीचा दर घासाघीस करूनच ठरतो. सकाळच्या तासात गाणी कमी आणि बोलणं व जाहिराती जास्त असतात, कारण त्या वेळी लोक गाडीत असतात.

आता गाण्यांकडे या. प्लेलिस्ट एक सलग यादी नसते, तिचे कप्पे असतात: सगळ्यात चालणारी नवी गाणी, जरा मागे पडलेली, गेल्या काही वर्षांतली, जुनी. क्लॉकमध्ये लिहिलेलं असतं की पहिल्या जागी अमुक कप्प्यातलं गाणं, दुसऱ्या जागी तमुक कप्प्यातलं. सॉफ्टवेअर त्या कप्प्यातून पुढचं गाणं उचलतं.

समजा पहिल्या कप्प्याला तासात दोन जागा आहेत. दिवसाच्या ४८ जागा झाल्या. कप्प्यात आठ गाणी ठेवली तर प्रत्येक गाणं दर चार तासांनी, दिवसात सहा वेळा येतं. आणि ४८ ला ८ ने पूर्ण भाग जात असल्यामुळे तेच गाणं रोज त्याच वेळी येतं. सकाळी ९ ला चांदणी चौकातून जाणाऱ्याला रोज तेच गाणं ऐकू येणार. म्हणून जाणता संगीत व्यवस्थापक कप्प्यात सात गाणी ठेवतो. ४८ ला ७ ने भाग जात नाही, त्यामुळे वेळ रोज सरकत राहते. ‘रोज ऑफिसला जाताना हेच गाणं’ अशी तक्रार तुमची असेल, तर गाणी कमी असण्यापेक्षा हा भागाकार चुकलेला असण्याची शक्यता अधिक.

लहान कप्पा मुद्दाम ठेवतात. वीस मिनिटं ऐकणाऱ्याच्या कानावर एखादं ओळखीचं, आवडीचं गाणं पडलंच पाहिजे, असा हिशेब असतो. दिवसभर रेडिओ लावून बसणारा दुकानदार किंवा रिक्षावाला याच हिशेबाने वैतागतो. दोघांना एकाच वेळी खूष करणारं क्लॉक अजून कुणाला जमलेलं नाही.

## फॉरमॅट बदलायचा ठरला की काय करतात

नव्या गाण्यांच्या स्टेशनचं जुन्या गाण्यांचं स्टेशन करायचं आहे असं धरू. सुरुवात चाचणीने होते. श्रोत्यांना गाण्याचा सगळ्यात ओळखीचा सात ते दहा सेकंदांचा तुकडा ऐकवतात आणि तीन गोष्टी विचारतात: ओळखलंत का, आवडतं का, ऐकून कंटाळा आलाय का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आवडतं पण कंटाळा आलाय अशी गाणी जुन्या संग्रहात भरपूर निघतात.

मग संग्रह बांधला जातो, आणि इथे एक खास अडचण येते. एकाच गायकाचं गाणं तासाभरात दोनदा येऊ नये असा नियम सॉफ्टवेअरमध्ये घातलेला असतो. नव्या गाण्यांत तो पाळता येतो. जुन्या हिंदी गाण्यांत लता, आशा, रफी, किशोर, मुकेश एवढ्यांतच बहुतांश गाणी सामावलेली. नियम तसाच ठेवला तर सॉफ्टवेअरला पुढचं गाणंच सापडत नाही आणि जागा रिकाम्या सुटतात. अंतर अर्ध्या तासापर्यंत खाली आणावं लागतं.

आवाजाचं काम याहून किचकट. ट्रान्समीटरकडे जाण्याआधी आवाज प्रोसेसर नावाच्या यंत्रातून जातो. ते हळू आवाज वर उचलतं, मोठा दाबतं, जेणेकरून धावत्या गाडीतही सगळं सारखं ऐकू यावं. नव्या गाण्यांसाठी ते कडक लावलेलं असतं. त्याच सेटिंगवर १९६० चं गाणं सोडलं तर दोन ओळींमधल्या शांततेत टेपची सळसळ वर येते आणि पुढची ओळ सुरू होताच दबते. गाणं धाप लागल्यासारखं ऐकू येतं. फॉरमॅट बदलला पण प्रोसेसर तसाच ठेवला, ही वरचेवर होणारी चूक आहे. श्रोत्याला कारण कळत नाही, तो फक्त स्टेशन बदलतो.

त्यानंतर आरजे, जिंगल आणि जाहिरात विभाग. कॉलेजच्या मुलांसाठी बोलणारा आवाज पन्नाशीच्या श्रोत्यासमोर चालेलच असं नाही. विक्रीच्या बाजूने तारीख महत्त्वाची. पुण्यात जाहिरातीचा पैसा गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, जूनमधले प्रवेश, गणपती आणि दसरा-दिवाळी या मोसमांत येतो. मोसमाच्या तोंडावर बदल केला तर आधी नोंदवलेल्या जाहिराती रद्द होऊ लागतात. क्लासची जाहिरात विशीच्या श्रोत्यासाठी घेतलेली असते, आणि तो श्रोता तर गेलेला असतो.

सगळ्यात मोठा धोका धीर सुटण्याचा. जुने श्रोते पहिल्या आठवड्यातच निघून जातात, नवे यायला महिने लागतात. मधल्या खड्ड्यात कमाई पडते, वरिष्ठ घाबरतात, ‘थोडी नवी गाणीही घाला’ असा निरोप येतो आणि स्टेशन ना इकडचं ना तिकडचं होतं. वारंवार घोषवाक्य बदलणाऱ्या स्टेशनांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं.

## ‘मराठी शहर आहे, मग मराठी गाणी इतकी कमी का?’

हा आक्षेप रास्त आहे. साचेबंद उत्तर असं मिळतं की श्रोते हिंदीच मागतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. देशभर विकली जाणारी जाहिरात एकाच वेळी अनेक शहरांत लागते आणि तिला सगळीकडे सारखा श्रोता हवा असतो. गाण्यांचा संग्रह आणि चाचण्याही कंपनीच्या पातळीवर होतात. मराठीसाठी वेगळी चाचणी, वेगळा संग्रह, वेगळा माणूस लागतो, म्हणजे फक्त पुणे-नाशिक-कोल्हापूर-नागपूरसाठी खर्च.

शिवाय गाण्यांचं मानधन. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने ते जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवलं होतं. डिसेंबर २०२० च्या निर्णयाने ते प्रत्यक्ष वाजलेल्या संगीताच्या तासावर गेलं. तासावर पैसे मोजायचे झाले की उत्पन्न कमी असलेल्या स्टेशनला प्रत्येक गाणं जड होतं, मग ते कोणत्याही भाषेतलं असो. अशा वेळी ज्या गाण्यावर जाहिरात नक्की मिळेल तेच वाजतं.

माझ्या मते मराठी आशयाची खरी जागा गाण्यांपेक्षा बोलण्यात आहे. पुण्याची भाषा, रस्ते, पाणीकपात, नाटकांचे प्रयोग यांबद्दल बोलणारा आरजे कुणी मोबाइलवरच्या गाण्यांच्या अॅपमध्ये ठेवू शकत नाही. एफएमने जपावं असं काही असेल तर ते हे.

## बातम्या का नाहीत?

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, त्यात काटछाट करता येत नाही. मात्र वाहतूक, हवामान, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाणीपुरवठ्याच्या सूचना आणि आपत्तीचे इशारे यांना बातमी धरलं जात नाही. म्हणून ‘आज धरणातून विसर्ग, नदीपात्रातला रस्ता बंद’ हे सांगता येतं, महापालिकेच्या सभेत काय झालं ते नाही. ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला १० मिनिटं बातम्यांना परवानगी द्यावी असं सुचवलं.

त्यामुळे रेडिओवरची स्थानिक बातमी आजही आकाशवाणीचीच. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचं ठरलं, तेव्हा शहरातून इतका विरोध झाला की निर्णय थांबवावा लागला. तो विरोध जुन्या आठवणींपोटी झाला असं मानणं चूक ठरेल. त्या बातमीपत्राला एफएमवर पर्यायच नाही.

## घाट, टॉवर आणि खरखर

एफएमच्या लहरी बऱ्याचशा सरळ जातात. टॉवर आणि रेडिओ यांच्यामध्ये डोंगर आला की आवाज पडतो. भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर उंच अँटेना सुमारे ४१ किलोमीटरवरच्या क्षितिजापर्यंत पोचते. उंची चौपट केली तर अंतर दुप्पट होतं. दूरदर्शनचा टॉवर सिंहगडावर आहे तो याच गणितामुळे. कात्रजचा घाट ओलांडला की पुण्याची स्टेशनं झपाट्याने क्षीण होतात, त्यालाही हेच कारण.

मुंबईकडे जाताना वेगळीच गंमत होते. ९८.३, ९१.१, ९३.५ हे आकडे दोन्ही शहरांत आहेत. लोणावळ्यापुढे घाटात एका वळणावर पुणे लागतं, पुढच्यावर मुंबई. जाहिरातीतलं दुकान लक्ष्मी रोडवरून दादरला जातं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, कारण एफएम रेडिओ दोन लहरींतली थोडी जरी जोरकस असेल ती पकडतो आणि दुसरी दाबून टाकतो.

२० लाखांहून जास्त लोकसंख्येचं पुणे ‘अ’ वर्गात येतं. इथे प्रभावी शक्ती १० ते ३० किलोवॉट ठेवता येते. प्रभावी शक्ती म्हणजे ट्रान्समीटरची ताकद, वजा केबलमधली गळती, गुणिले अँटेनाची एका दिशेला जोर एकवटण्याची क्षमता. परवान्याच्या अटींनुसार शहरातली खासगी स्टेशनं एकच टॉवर आणि अँटेना वाटून वापरतात. पाच ट्रान्समीटरची शक्ती एका अँटेनात सोडणाऱ्या यंत्राला कम्बायनर म्हणतात. त्यातल्या गाळण्यांना फ्रिक्वेन्सी वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून एका शहरातल्या स्टेशनांत साधारण ०.८ मेगाहर्ट्झ अंतर ठेवतात, ९३.५ नंतर ९४.३ येतं ते त्यामुळे. जास्त स्टेशनं का नाहीत, याचं एक उत्तर इथेही आहे. हे अंतर निम्मं करावं अशी शिफारस ट्रायने पूर्वीच केलेली आहे.

बिघाड कुठे आहे हे घरी बसून ओळखता येतं. एका स्टेशनवर खरखर न होता ठार शांतता असेल तर ट्रान्समीटर चालू आहे, स्टुडिओकडून टॉवरकडे येणारा दुवा तुटलाय. एकाच स्टेशनवर खरखर असेल तर त्याचा ट्रान्समीटर बंद. सगळी खासगी स्टेशनं एकदम गेली तर सामाईक अँटेना किंवा तिथली वीज. सगळ्यांवर नेहमीच खरखर असेल तर दोष तुमच्या घरात. अशा वेळी रेडिओ खिडकीपाशी न्या, अँटेना सुमारे ७५ सेंटिमीटर उघडा आणि स्टिरिओ बंद करून मोनो करा. स्टिरिओला बराच जास्त जोर लागतो, त्यामुळे मोनो करताच सळसळ उतरते. मोबाइलमध्ये एफएमसाठी वायरचे इअरफोन लागतात, कारण त्यांची वायरच अँटेनाचं काम करते.

## छोटी स्टेशनं

पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ आणि एफटीआयआयचं ९०.४ ही सामुदायिक स्टेशनं आहेत. त्यांची शक्ती १०० वॉट, म्हणजे मोठ्या स्टेशनच्या शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. विद्यापीठाजवळ स्वच्छ लागणारं १०७.४ हडपसरला लागत नसेल तर रेडिओ दुरुस्तीला नेऊ नका.

## डिजिटल आलं तर माझा रेडिओ बंद पडणार का?

सध्या तरी नाही. ट्रायने सुचवलेली पद्धत ‘सायमलकास्ट’ आहे: चालू एफएम तसंच राहील आणि त्याच फ्रिक्वेन्सीच्या जागेत शेजारी डिजिटल प्रसारण चालेल. एका फ्रिक्वेन्सीवर एक नेहमीचं एफएम, तीन डिजिटल कार्यक्रम आणि एक माहितीची वाहिनी बसू शकते. शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. तो सरकारने घ्यायचा आहे.

फॉरमॅटच्या दृष्टीने हा मोठा फरक ठरेल. आज मराठी गाण्यांचं स्टेशन काढायचं तर हिंदीचं बंद करावं लागतं. तीन जादा वाहिन्या मिळाल्या तर एकावर मराठी, एकावर नाट्यसंगीत आणि एकावर दिवसभर वाहतूक-हवामान चालवणं निदान तांत्रिकदृष्ट्या शक्य होईल. ते घडेल का, हे वाढीव शुल्क किती लागतं यावर ठरेल.

अडचण रेडिओ संचांची आहे. डिजिटल ऐकायला वेगळा संच लागतो, आणि जगात चालणाऱ्या तंत्रांपैकी डीआरएम आणि एचडी रेडिओ हे दोन पर्याय चर्चेत आहेत. एकाचा संच दुसऱ्यावर चालत नाही. देशभर एकच तंत्र असावं असं ट्रायचं म्हणणं आहे. दुसरी गोष्ट, एफएम दूर गेल्यावर हळूहळू खरखरतं, पण ऐकू येतं. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि मग एकदम तुटतं. घाटाच्या कडेच्या गावांना, खडकवासल्याच्या पलीकडच्या खोऱ्यांना याचा फटका बसू शकतो. म्हणून कुणी ‘डिजिटल रेडिओ तयार’ असं सांगून संच विकत असेल तर तो कोणत्या तंत्राचा आहे हे आधी विचारा, आणि सरकारने तंत्र जाहीर करेपर्यंत खरेदी थांबवा. गाडी नवी घेत असाल तर सिस्टिममध्ये साधं एफएम आहे ना, तेवढं मात्र बघून घ्या.